चढ नेमका संपतो कुठे? रस्त्याच्या गुळगुळीतपणाचं गणित

आज आपण रस्त्याविषयी बोलणार आहोत. ज्यांचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं त्यांनी रस्त्यावर कशाला बोलावं, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. काळजी करू नका, खड्ड्यांवर आम्ही बोलणार नाही. तो विषय इथे बसलेल्या प्रत्येकाला आमच्याहून चांगला ठाऊक आहे. आज बोलायचंय ते चांगल्या रस्त्याबद्दल, ज्याच्याकडे आपलं कधी लक्षच जात नाही अशा रस्त्याबद्दल.

समजा, आपण महामार्गावरून गाडीने चाललो आहोत. समोर एक टेपाड आहे. गाडी चढते, माथा येतो, मग ती उतरू लागते. पोटात काही हललं नाही, हातातल्या कपातला चहा हिंदकळला नाही. आता सांगा, चढ संपला तो नेमका कुठे? तुम्ही म्हणाल, माथ्यावर. ते खरंच आहे. पण मग पोटाला ते कळलं का नाही? आपल्याला कळू न देता चढाचा उतार करायचा, हे काम कुणीतरी कागदावर बसून केलेलं असतं. ते कसं करतात, आणि ते पुरेसं असतं का, हे आज बघू.

सुरुवात उतारापासून. रस्त्याचा चढ आपण 'भारी' किंवा 'सौम्य' म्हणतो, अभियंता तो आकड्यात सांगतो. १०० मीटर पुढे गेल्यावर ३ मीटर वर आलो, तर चढ ३ टक्के. २० मीटर पुढे जाऊन १ मीटर वर आलो, तर २० ला १, म्हणजे ५ टक्के. आपल्याकडे हे आकडे इंडियन रोड्स काँग्रेस ठरवते. नाव काँग्रेस असलं तरी ही रस्ते-अभियंत्यांची संस्था आहे, १९३४ साली स्थापन झालेली. तिच्या जन्मामागे १९२७ साली नेमलेली एक रस्ते समिती होती आणि तिचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू ते हेच. त्यांच्या नावाच्या ग्रंथालयात अभ्यास केलेल्यांपैकी कितीजणांना त्यांचा रस्त्यांशी असलेला हा संबंध माहीत असेल, कोण जाणे. तर या संस्थेच्या मानकांप्रमाणे सपाट प्रदेशात नेहमीचा चढ साधारण ३.३ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३० ला १ असा ठेवायचा आणि डोंगराळ प्रदेशात ५ टक्क्यांपर्यंत. तीनचार टक्क्यांचा चढ डोळ्याला जेमतेम कळतो. आजचं आपलं सगळं गणित इतक्या लहान आकड्यांचं आहे, हे लक्षात असू द्या.

आता आपलं टेपाड घेऊ. अलीकडे ३ टक्के चढ, पलीकडे ३ टक्के उतार. दोन सरळ पट्ट्या वर एकमेकींना टेकवल्या, म्हणजे घराच्या कौलारू छपरासारखा आकार झाला. यात रस्ता कुठे तुटलाय का? नाही. मध्ये फट नाही, पायरी नाही. गणिताच्या भाषेत हा रस्ता सलग आहे. तरीही त्यावरून ताशी १०० किलोमीटरने गाडी नेऊन बघा, म्हणजे मनातल्या मनात न्या! १०० चा वेग म्हणजे सेकंदाला साधारण २७.८ मीटर. चढावर असताना गाडी त्याच्या ३ टक्के, म्हणजे सेकंदाला ८३ सेंटिमीटर या वेगाने वर जात असते. टोक ओलांडलं की तिला तितक्याच वेगाने खाली जायचंय. म्हणजे उभ्या दिशेचा तिचा वेग एका बिंदूवर, शून्य वेळात, सेकंदाला १.६७ मीटरने बदलायला हवा. शून्य वेळात वेग बदलायचा तर बळ अनंत लागेल. ते कुठून आणणार? मग चाक रस्ता सोडून वर राहतं, स्प्रिंगा दचकतात, आणि मागच्या सीटवरच्या आजी देवाचं नाव घेतात.

सलग असणं आणि गुळगुळीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे लक्षात येतं. सलग म्हणजे उंची एकदम बदलत नाही. गुळगुळीत म्हणजे उतारही एकदम बदलत नाही. कॉलेजात ज्याला डेरिव्हेटिव्ह म्हणत तो रेषेचा उतारच. एखादी रेषा सलग असेल तर ती मोजक्या ठिकाणी सोडून बाकी सगळीकडे गुळगुळीत असणारच, असं गणितज्ञांनाही बरीच वर्षं वाटत होतं. मग १८७२ साली बर्लिनमध्ये कार्ल वायरश्ट्रासने एक अशी रेषा मांडली की जी सगळीकडे सलग आहे, पण एकाही बिंदूवर गुळगुळीत नाही. जिथे बघाल तिथे कोपराच. अनेकांना तो गणिताचा विक्षिप्तपणा वाटला. आपल्याकडच्या काही रस्त्यांवरून जाणाऱ्याला तो तितकासा विक्षिप्त वाटणार नाही.

कोपरा मुद्दाम ठेवायचा झाला तर काय होतं, तेही आपल्या गल्लीत बघायला मिळतं. तो म्हणजे स्पीडब्रेकर. मानकाप्रमाणे केलेला गोलसर स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तो तुकडा. हा ताशी २५ किलोमीटरने ओलांडावा अशी अपेक्षा आहे. तेवढ्या वेगाला माथ्यावर आपलं वजन सुमारे तीन-दशांशाने कमी झाल्यासारखं वाटतं. पोटात गोळा येतो तो यामुळे. वेग ताशी ४६-४७ किलोमीटरवर गेला, तर चाकाला त्या वक्राबरोबर खाली यायला गुरुत्वाकर्षण पुरत नाही. शिवाय सपाट रस्ता आणि स्पीडब्रेकर जिथे भेटतात तिथे एक खरा कोपरा असतोच, पहिला धक्का त्याचा. थोडक्यात, स्पीडब्रेकर म्हणजे गणिताने दिलेली शिक्षा. आणि मानक धाब्यावर बसवून रात्रीतून घातलेले जे उंचवटे आपण पाहतो, ती खटल्याशिवाय दिलेली शिक्षा!

महामार्गावर मात्र कोपरा नको. मग काय करायचं? टेपाडाचं टोक कापायचं आणि तिथे एक वक्र बसवायचा. तो कुठला? जगभर बहुतेक ठिकाणी उत्तर एकच आहे, पॅराबोला. शाळेत त्याला अन्वस्त म्हणत. पॅराबोलाचा गुण असा की त्यावरचा उतार एकसारख्या दराने बदलतो. उतारात होणारा सगळा बदल वक्राच्या पूर्ण लांबीवर समान वाटून टाकायचा. कुठल्याच मीटरला जास्त नाही, कुठल्याच मीटरला कमी नाही.

हे प्रत्यक्ष करून बघू, कागद-पेन्सिल घ्या हवं तर. ३ टक्के चढ, ३ टक्के उतार आणि वक्राची लांबी २०० मीटर. एकूण बदल ६ टक्क्यांचा, म्हणजे दर २० मीटरला उतार ०.६ टक्क्याने बदलेल. वक्राच्या सुरुवातीपासून उंची मोजली तर पहिल्या २० मीटरमध्ये रस्ता ५४ सेंटिमीटर वर जातो. पुढच्या २० मध्ये ४२, मग ३०, मग १८, मग ६. शंभराव्या मीटरला आपण माथ्यावर. तिथून ६ खाली, १८ खाली, ३० खाली, असं उलटं मोजत जायचं. प्रत्येक आकडा आधीच्याहून बरोबर १२ ने वेगळा आहे. कंप्युटर नसलेल्या काळात सर्वेक्षण करणारा माणूस डंपी लेव्हल लावून, वहीत निव्वळ बेरीज-वजाबाकी करून हा वक्र माळरानावर उतरवू शकत होता. वर्तुळाचा तुकडा घेतला असता तरी इतक्या सौम्य चढावर डोळ्याला फरक कळला नसता, पण हिशेब किचकट झाला असता. पॅराबोला टिकला त्यात या सोयीचा वाटा मोठा.

मघाचा प्रश्न आता पुन्हा घ्या. चढ संपला कुठे? माथा शंभराव्या मीटरला आहे, पण चढाने संपायला सुरुवात केली ती शंभर मीटर आधीच, पहिल्या पावलापासून. लायब्निझ म्हणत असे की निसर्ग उडी मारत नाही. निसर्गाचं आम्हाला ठाऊक नाही, पण चांगला अभियंता उडी मारत नाही एवढं नक्की.

पण थांबा. इथे एखादा चिकित्सक विद्यार्थी हात वर करेल. उतार एकदम बदलत नाही हे खरं. पण उतार *बदलण्याचा दर* तर एकदम बदलतोय! सरळ चढावर तो दर शून्य होता, वक्रावर पाय ठेवताक्षणी तो काहीतरी झाला. म्हणजे एका पायरीवरचा कोपरा आपण घालवला आणि तोच वरच्या पायरीवर नेऊन ठेवला. विद्यार्थ्याचं बरोबर आहे. गुळगुळीतपणाची अशी शिडीच असते. उंची सलग, मग उतार सलग, मग वक्रता सलग, आणि गणितात ही शिडी कधी संपत नाही.

मग अभियंता दुसऱ्याच पायरीवर का थांबतो? कारण तो आकडा बघतो. आपल्या २०० मीटरच्या वक्रावर ताशी ८० च्या वेगाने गेलं, तर ६० किलोच्या माणसाचं वजन जेमतेम ९०० ग्रॅमने कमी भासतं. तेवढं एकदम झालं तरी शरीराला पत्ता लागत नाही. आडव्या वळणावर मात्र हीच सूट मिळत नाही. ताशी ८० च्या रस्त्यावर वळणाची त्रिज्या २३० मीटरपर्यंत खाली येऊ शकते आणि तिथे बाजूला ओढणारा जोर मघाच्यापेक्षा चौदापट होतो. तो एकदम आला तर उभा प्रवासी शेजाऱ्याच्या अंगावर जाईल. म्हणून सरळ रस्ता आणि वळण यांच्यामध्ये आणखी एक वक्र घालतात, ज्याची वक्रता अंतराच्या प्रमाणात हळूहळू वाढत जाते. रेल्वेच्या रुळांनाही तसा वक्र लागतो. म्हणजे शिडी तीच, पण कुठल्या पायरीवर थांबायचं हे गणित सांगत नाही. ते माणसाचं शरीर सांगतं.

इथपर्यंत आपण पोटाचं ऐकलं. आता डोळ्याचं ऐकू, कारण खरी गोष्ट इथून पुढे आहे.

टेपाडाचा माथा कितीही गुळगुळीत असला तरी त्याच्या पलीकडचं दिसत नाही. समजा पलीकडे एक ट्रक बंद पडलाय. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. ड्रायव्हर-क्लीनर उतरतात, झाडाच्या फांद्या तोडून आणतात, ट्रकच्या मागे दगड मांडतात. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो. दगड तिथेच राहतात.

त्या दगडासाठी रस्त्याच्या मानकात एक आकडा आहे, १५ सेंटिमीटर. माथ्याचा वक्र असा हवा की रस्त्यापासून १.२ मीटर उंचीवर असलेल्या चालकाच्या डोळ्याला रस्त्यावरची १५ सेंटिमीटर उंचीची वस्तू वेळेत दिसावी. वेळेत म्हणजे किती? वस्तू बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत अडीच सेकंद धरतात. ताशी १०० च्या वेगाला तेवढ्यात गाडी ७० मीटर पुढे गेलेली असते. मग ब्रेक लागून थांबायला आणखी सुमारे ११० मीटर. एकूण १८० मीटर. ताशी ८० ला हेच अंतर १२० मीटर धरलं आहे.

आता ही अंतरं वक्राच्या सूत्रात घाला. आपल्या टेपाडावर ताशी ८० साठी वक्र हवा १९६ मीटर, म्हणजे मघाचा २०० मीटरचा जवळजवळ पुरतो. ताशी १०० साठी मात्र तो हवा ४४० मीटरच्या वर! वेग वाढला पाव पट आणि वक्र झाला सव्वादोन पट. कारण सूत्रात दिसण्याच्या अंतराचा वर्ग येतो. वक्र लांबला की टेपाडही जास्त खोदावं लागतं. पहिल्या वक्राला दोन पट्ट्यांच्या टोकाखाली दीड मीटर जावं लागतं, दुसऱ्याला सव्वातीन मीटरच्याही खाली. खडक असेल तर त्याचा खर्च विचारू नका.

आणि पोटाला यातलं काही कळतं का? अजिबात नाही. ताशी ८० साठी केलेल्या माथ्यावरून १०० ने गेलात तर रस्ता तितकाच मऊ लागेल. पण दगड तुम्हाला दिसेल १२० मीटरवर, आणि त्यातले ७० पाय ब्रेकवर जाईपर्यंत संपतील. उरलेल्या ५० मीटरमध्ये गाडी थांबत नाही. मानकातलंच घर्षण धरून हिशेब केला तर त्या दगडावर तुम्ही ताशी सत्तरहून अधिक वेगाने आदळता. दगडाच्या जागी दगड मांडणारा क्लीनरच वाकलेला असेल, तर काय, हे आम्ही सांगायला नको. वेगमर्यादेची पाटी ही सरकारची हौस नसते. पुष्कळदा ती रस्त्याने दिलेली कबुली असते, की मला इतकंच पुढचं दाखवता येतं.

त्या १५ सेंटिमीटरचं पुढे काय झालं, तेही ऐका. अमेरिकेतही हा आकडा अनेक वर्षं ६ इंच, म्हणजे तेवढाच होता. २००१ सालच्या त्यांच्या मार्गदर्शक ग्रंथात तो बदलून २ फूट, म्हणजे ६० सेंटिमीटर झाला. युक्तिवाद असा की लहान वस्तूंमुळे होणारे गंभीर अपघात क्वचित असतात, चालकाला दिसायला हवा तो पुढच्या गाडीचा मागचा दिवा, आणि तो साधारण दोन फुटांवर असतो. युक्तिवाद खोटा नाही. पण परिणाम बघा. दिसण्याचं अंतर तेच १८० मीटर ठेवून त्यांच्या उंच्या सूत्रात घातल्या, तर आपला ४४० मीटरचा वक्र २९५ मीटरवर येतो. एक-तृतीयांश वक्र गेला. गणित एका अक्षराने बदललं नाही. बदललं ते एवढंच, की रस्त्यावर काय पडलेलं असू शकतं आणि त्यातलं काय दिसलंच पाहिजे.

आपल्या रस्त्यावर दगड असतात, बसलेलं जनावर असतं, दुचाकीवरून पडलेला माणूस असतो. यापैकी कुणालाच दोन फुटांवर लाल दिवा नसतो. म्हणून आम्हाला वाटतं, आपल्याकडे हा आकडा १५ सेंटिमीटर आहे तो तसाच राहावा. बदलायचाच असेल, तर कुणाला न दिसण्याची परवानगी आपण देतोय, हे मोठ्याने बोलून बदलावा.

खोलगट भागाचं गणित थोडक्यात सांगतो. तिथे दिवसा सगळं दिसतं, अडचण रात्रीची. हेडलाइटचा झोत समोरच्या वर येणाऱ्या रस्त्यावर आपटून लवकर संपतो. म्हणून तिथला वक्र दिव्याच्या हिशेबाने ठरवतात. दिवा पाऊण मीटर उंचीवर आणि झोत एक अंश वर, असं धरून. आपल्याच आकड्यांसाठी तो २५० मीटरच्या आसपास येतो. माथ्यावर डोळ्याची उंची, खोलगटात दिव्याची. दोन्हीकडे शेवटचा शब्द दिसण्याचाच.

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने एक चांगला प्रश्न विचारला, तो इथे नोंदवतो. रस्ता इतका गुळगुळीत असेल तर घाटात एवढे अपघात का होतात?

उत्तर असं, की गुळगुळीतपणा उताराचे कोपरे घालवतो, उतार घालवत नाही. बोरघाटात रेल्वे चढवताना एकोणिसाव्या शतकातल्या अभियंत्यांनी ३७ ला १ असा चढ घेतला आणि त्या काळी तो भयंकर मानला गेला. आपला रस्ता डोंगरात ५ टक्के, म्हणजे २० ला १ जातो आणि आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही. पण १ किलोमीटरला ५ टक्के म्हणजे ५० मीटर खाली उतरणं. घर्षण सोडून दिलं आणि ब्रेक लावलाच नाही, तर तेवढ्यात थांबलेली गाडी ताशी ११० च्या पुढे जाईल. तो सगळा वेग कुठेतरी जिरवावा लागतो. खालच्या गिअरमध्ये उतरलं तर इंजिन तो जिरवतं. न्यूट्रलमध्ये उतरलं तर सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो, आणि भरलेल्या ट्रकचे ब्रेक तापून निकामी होतात. रस्ता खडबडीत असता तर चालकाला उताराची आठवण राहिली असती. रस्ता मऊ असतो, म्हणून ती आठवण त्याला स्वतः ठेवावी लागते.

तेव्हा पुढच्या वेळी एखादा माथा ओलांडताना कपातला चहा हलला नाही, तर ज्याने तो वक्र आखला त्याला मनोमन नमस्कार करा. आणि पाय थोडा ॲक्सिलरेटरवरून काढा. पोटाला सगळं कळतं असं नाही, आणि माथ्यापलीकडे दगड मांडणारा माणूस असू शकतो.